दुमडीतला कापूस

माय, माझी नात, म्हणजे तुझी पणती, पहिल्या बाळंतपणासाठी इथं अमरावतीला आली आहे आणि तिनं मला प्रश्नांनी भंडावून सोडलं आहे. घरात आता शिवणयंत्र आहे. पायानं दाबलं की त्याची सुई अशी धावते की डोळ्याला दिसतच नाही. तू असतीस तर आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारली असतीस आणि मग "याले खायले काय लागते?" असं विचारलं असतंस. पोरीला वाटतं, यंत्र आलं म्हणजे शिवणही आली. मग चोळी काखेत उसवते, दोऱ्याला गाठी पडतात, परकर एका बाजूला लोंबतो आणि "आजी, असं कावून होते?" म्हणत ती माझ्यासमोर येऊन बसते. मी उत्तरं देते. ती सगळी तुझी आहेत, तोंड फक्त माझं. दोरा हातापासून कोपरापर्यंतच घे, त्याहून लांब घेतलास की गुंता झालाच म्हणून समज. दोऱ्यावरून मेण फिरव. काखेत तिरपा चौकोनी तुकडा घाल, नाहीतर हात वर केला की चोळी बोंबलणारच. चुकलेली शिवण उसव, ओढून सरळ करायला जाऊ नकोस. ती सगळं ऐकून घेते आणि आपल्याच मनासारखं करते. त्यात ती माझ्यावर गेली आहे, आणि मी कोणावर गेले ते तुला ठाऊकच आहे.

काल मात्र तिनं विचारलं, "आजी, धुतल्यावर कापड आटते कावून?" आणि माझ्या हातातली सुई थांबली. मला बाबांनी अकोल्याच्या बाजारातून आणलेला तो विलायती तागा दिसला. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी मोठी लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडकून पडला होता, म्हणून आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, हे मला फार पुढं तुझ्या शाळामास्तर जावयानं सांगितलं. लिहायलाही मला त्यानंच शिकवलं. तेव्हा मी परकरातली पोर. मला एवढंच दिसत होतं की गावातली माणसं मोठ्यानं बोलायला लागली आहेत, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आहेत आणि बार्शीटाकळीच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली आहे. सगळं गाव हसत होतं. तू हसत नव्हतीस, आणि मला तुझा राग यायचा. चार घरच्या बायांसारखी माझी माय आनंदात का नाही, असं वाटायचं.

बाबांनी तो तागा ओसरीवर उलगडला आणि त्यावर थाप मारून म्हणाले, "पाय, कसं करकर वाजून राह्यलं!" तू कापडाचा वास घेतलास. मग एक टोक घंगाळातल्या पाण्यात बुडवलंस, चोळलंस, आणि पाणी भाताच्या पेजेसारखं पांढरं झालं. "हे कापड नाई, कांजी हाये," तू म्हणालीस. "कांजी निंघून गेली का मंग खाली काय राह्यते ते पायजा." तू सगळा तागा भिजवून वाळवलास तेव्हाच त्याला कात्री लावलीस. शेजारणींनी तसंच कोरं कापड कापलं आणि पहिल्या धुण्यात त्यांच्या पोरांचे अंगरखे बेंबीवर चढले. आपले बरोबर बसले, पण कापड इतकं विरळ निघालं की त्यातून ऊन दिसायचं. म्हणून नातीला मी सांगितलं, आधी भिजव, वाळव, मग माप घे. एवढ्यानं तिचं समाधान झालं. माझं झालं नाही.

कारण त्या ताग्याच्या मागोमाग घरातला कापूस गेला. आधी शेतातला गेला, तो जायचाच होता. मग माळ्यावरचा गेला. दरसाल सुताला म्हणून तू चार पाट्या बाजूला काढायचीस, त्याला बाबा कधी हात लावत नसत. त्या वर्षी त्यांनी स्वतः शिडी लावून तो खाली उतरवला. तुझा चरखा कोपऱ्यात उभा राहिला आणि घर एकदम मुकं झालं. मग दसऱ्याच्या सुमाराला गाडीवाले परत आले. आता त्यांना गाद्या, दुलया, उशा यांच्यातला कापूसही चालणार होता. जुना असो, पिवळा पडलेला असो, ते तराजूत टाकायचे. गावात गाद्या फाडायची चढाओढ लागली. दाराबाहेर कापसाची भुरी उडायची आणि रिकाम्या खोळी दोरीवर लोंबायच्या. त्यांच्याखालून जायला मला भीती वाटायची.

तू स्वयंपाकघराच्या दारात बसली आहेस, मांडीवर आपली लाल दुलई आहे, आणि सुईच्या टोकानं तू एकेक टाका उसवते आहेस. बाबा अंगणातून ओरडतात, "फाड नं पटकन! गाडी जाऊन राह्यली!"

"फाडलं का परत शिवता येत नाई."

"परत शिवाचं कायले? नवीन गाद्या आणू अकोल्याहून."

"थंडीच्या आंधी?"

"अवं, पैसा हाये तं थंडी काय करते?"

तू मान वर केलीस. "कापूस तुमी इकला. थंडी कोनी इकत घेतली का?"

अंगणात गाडीवाला हसला, बाबाही हसले. मी पण हसले. 

त्यानंतर तू त्या ताग्यातून सगळ्यांना शिवायला घेतलंस. बाबांचा अंगरखा, दादाच्या बंड्या, मला परकर, आणि वहिनीला दिवस गेले होते म्हणून तिला अंगात घालायला सैल बंडी. तुझा हात सुरेख, दुमडी तांदळाएवढी बारीक यायची. त्या वर्षी मात्र दुमड्या बोटाएवढ्या जाड यायला लागल्या. विहिरीवर पोरी मला म्हणायच्या, "परकराच्या घेराले काय गूळ बांधला का वं?" वहिनी तर सासूची भीड न ठेवता तोंडावरच म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या शिवणी आताशा जाड येऊन राह्यल्या. डोये गेले का?" तू म्हणालीस, "हव बाई, म्हातारी झाली मी." एके दिवशी चिडून मी परकराच्या घेराचा एक टाका दातानं तोडला आणि आत बघितलं. आत कापूस होता. आपल्या लाल दुलईतला, तोच जुना पिवळसर कापूस. तू मागून आलीस आणि माझ्या हातावर अशी चापट मारलीस की बोटं उठली. "शिवणीले हात लावाचा नाई. उसवाची येळ आली का मीच सांगीन. आन् कोनाले बोलशीन तं पाय!" मी रडत विचारलं, "पन कायले?" तू तुटलेला टाका पुन्हा घालत म्हणालीस, "पूस अजून यायचा हाये." आपल्याकडं पौषाला पूसच म्हणतात, पण त्या दिवशी मला ते एखाद्या माणसाचं नाव वाटलं, वाटेवर असलेल्या.

बाबा दर बाजाराला गाद्या आणायचं कबूल करून जायचे आणि दुसरंच काही घेऊन यायचे. एकदा कंदील आणला, एकदा तुला चांदीचं कडं, आणि एकदा बाळाच्या कुंचीसाठी हिरवी मखमल. "आताच शिवून ठेव. बारशाले गावानं पाह्यलं पायजे." तू ती मखमल हातातसुद्धा घेतली नाहीस. "लेकराच्या आंधी लेकराचं शिवत नाईत." बाबा म्हणाले, जुन्या गोष्टी आता पुरे झाल्या. तू म्हणालीस, "सोन्याची सुरी असली म्हणून कोनी उरात खुपसून घेत नाई." बाबा उठून गेले. मखमल पेटीत पडून राहिली.

आणि पूस आला. भलत्या वेळी आभाळ भरलं, गारा पडल्या, मग पाऊस लागला तो थांबेचना. आपली काळी जमीन भिजली की माणसाचा पाय सोडत नाही, तिथं गाडी काय चालणार. अकोल्याची वाट बंद झाली. उत्तरेकडून असा वारा सुटला की गोठ्यात वासरं कण्हायला लागली. त्यातच एका सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. दुपारी बाळ झालं. मूठभर पोर, ओठ निळे, रडणं मांजराच्या पिल्लाएवढं. सुईण त्याच्या पावलांना हात लावून म्हणाली, "कापसात ठेवा याले. उघडं राह्यलं तं दिवस मावळेपर्यंत जाईन."

दादा चिखलातून घरोघर धावला. माय, अख्ख्या कापसाच्या गावात एका बाळाला गुंडाळायला कापूस नव्हता. कोणाच्या खोळीत नाही, कोणाच्या माळ्यावर नाही. दादा दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याचे हात रिकामे होते आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं. बाबा ओसरीवर खाली मान घालून बसले.

तू म्हणालीस, "सगळे इकडं या. अंगावरचं उतरवा."

तू चुलीपाशी बसतेस. बाबांच्या अंगरख्याची दुमडी उसवतेस, कापूस काढतेस. दादाची बंडी, वहिनीची बंडी, माझा परकर. प्रत्येक शिवणीतून थोडा थोडा कापूस निघतो, आणि तू तो बोटांनी पिंजून मोकळा करतेस. बघता बघता मांडीवर ढीग होतो. घरातली एकेक गादी, एकेक दुलई तिथं परत आली होती. मग तू पेटीतून तुझं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलंस, फाडलंस आणि त्याची खोळ केलीस. टाके घालायला मला बसवलंस. "जवळ जवळ घाल, पन ओढू नोको. कापसाले श्वास घेता आला पायजे." आयुष्यात तू मला दिलेली सर्वात मोठी भेट म्हणजे ते टाके. दिवेलागणीला बाळाचे ओठ लाल झाले आणि ते खणखणीत रडलं. बाबांनी विचारलं, "तुले कसं समजलं?" तू म्हणालीस, "समजाले काय लागते? थंडी दरसाली येते."

तिथंच हे संपलं असतं तर मी तुला आज लिहायला बसले नसते. घरात घोंगड्या दोन. एक वहिनीच्या अंगावर होती, दुसरी रात्री शेत राखताना जागलीवर भिजून चिंब झाली होती. जुनं लुगडं तू फाडलं होतंस. अंगावर राहिलं ते त्या विलायती ताग्यातलंच लुगडं, कांजी निघून गेलेलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. बाळंतिणीच्या खोलीत वारा जाऊ नये म्हणून तू दाराला पाठ लावून जमिनीवर निजायचीस. आधी खोकला आला, मग ताप, मग छातीत घरघर. वाट मोकळी झाल्याबरोबर बाबा अकोल्याला गेले आणि नवी कोरी गादी घेऊन आले. गाडी अंगणात थांबली आणि बाबांनी दारातूनच हाक मारली, "पाय, आनली!" तोवर तू गेली होतीस. त्या गादीवर पुढं कोणीही झोपलं नाही. बाबा जन्मभर तिच्याकडं पाठ करून बसायचे.

तू गेल्यावर बायांनी तुझे कपडे बाजूला काढले, तेव्हा मी ते एकेक चाचपून पाहिले. मला खात्री होती की तू स्वतःसाठी कुठंतरी थोडा ठेवला असशील. चोळ्या पाहिल्या. त्या अंगाबरोबर बसणाऱ्या, त्यांत सुपारी मावायची नाही. मग लुगडं हातात घेतलं, काठापासून काठापर्यंत बोटं फिरवली. माय, लुगड्याला शिवणच नसते. सगळ्यांच्या अंगावर तुला लपवायला जागा होती, तुझ्याच अंगावर नव्हती.

ते बाळ आता नातवंडांचा आजोबा झालं आहे आणि अजून मला "आत्या, लवकर ये" असे निरोप धाडतं. यंदा पुन्हा भाव चढला आहे. माझा मुलगा आज सकाळीच म्हणाला, माळ्यावरच्या जुन्या दुलया उगीच जागा अडवून आहेत, घेणारा आला आहे तर देऊन टाकू. मी म्हटलं, आधी थंडी जाऊ दे, आणि त्यानं विषय बदलला. बाहेर आभाळ भरून आलं आहे आणि महिना पौषाचा आहे. नातीला झबलं शिवायची घाई झाली आहे. मी तिला सांगितलं, कागदाचं माप कापून ठेव, कापडाला कात्री बाळ आल्यावर. तिला कागद हवा आहे आणि मी तुला लिहिते आहे तो हा कागद चांगला जाड आहे. उद्या मीच याचा गळा आणि बाह्या कापून तिच्या हातात देईन, म्हणजे कोणाला काही वाचता येणार नाही.

त्याआधी एक कबूल करते. मी माझ्या लुगड्याच्या पदराला आतल्या बाजूनं एक पट्टी शिवून घेतली आहे. सुना हसतात, म्हणतात आत्याबाईंचा पदर जड झाला. त्यात मूठभर कापूस आहे. कोणी विचारलंच तर नातीच्या बाळासाठी ठेवलाय असं मी सांगणार आहे. पण तो माझ्यासाठी आहे, माय. मला थंडीची फार भीती वाटते.