मगरीच्या गाडीत दोघे

१२ मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

फोनवर तू रडतेस नाहीतर मी ओरडते, म्हणून कागद घेऊन बसले आहे. दुकानात आत्ता गिऱ्हाईक नाही. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक नसले तर बरेच वाटायला हवे, पण आज मला काही बरे वाटत नाही.

काल दुपारी दवाखान्यातून फोन आला, की तुमची बहीण आणि तिचे यजमान आलेच नाहीत. मी म्हटले, बस चुकली असेल. संध्याकाळी आमची शेजारीण सांगत आली, की तिने तुम्हा दोघांना त्या लहान मुलांच्या, प्राण्यांच्या आकाराच्या पाळण्यांच्या बागेत पाहिले. हिरव्या मगरीच्या गाडीत, गुडघे हनुवटीला लावून बसला होतात आणि खिदळत होतात म्हणे. मला वाटले, हिचा चष्मा बदलायला झालाय. मग तिने फोटोच दाखवला.

अगं, त्या डॉक्टरांची वेळ मिळायला लोक महिनोन्‌महिने थांबतात. त्यांचे अक्षर माझ्याशिवाय कोणाला लागत नाही, त्या ओळखीवर मी शब्द टाकला. माझे नाक कापलेस. मूल व्हावे म्हणून चार वर्षे एवढे सोसलेस आणि आता शेवटच्या उपायाची वेळ आली तर मगरीत जाऊन बसलीस? आई रोज तुझे विचारते. मी रोज सांगते, उपचार चालू आहेत. आज काय सांगू?

कल्पना आमच्या बेकरीवाल्या जावयांचीच असणार. रात्रभर भट्टीपुढे उभे राहून डोके तापणारच. डॉक्टरांनी मोठ्या मनाने येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारची वेळ दिली आहे. तोवर माझ्या मधलीला तुझ्याकडे पाठवते. घरात पोर वावरले की तुझे मन वळेल.

रागावलेली, पण तुझीच,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. आधी बसचे सांगते. बस चुकली नाही. दवाखान्याचा थांबा आला तेव्हा मी खिडकीशी होते. ती निळी पाटी दिसली, आतल्या खुर्च्यांची रांग दिसली. घंटा माझ्या हाताशी होती. मी दाबली नाही. हा माझ्याकडे बघत होता, त्यानेही दाबली नाही. बस पुढे गेली, आणि शेवटच्या थांब्यावर ती बाग होती. तेव्हा कल्पनेचे सगळे श्रेय बेकरीवाल्याला देऊ नकोस, निम्मे मला हवे आहे.

फाटकावर सशाचे कान लावलेली बाई तिकिटे फाडत होती. तिने आमच्या मागे वाकून पाहिले आणि मुले कुठे राहिली, असे विचारले. हा म्हणाला, मुले आम्हीच. तिला हसू आले नाही, मला मात्र आवरेना. आत गेलो. हत्तीच्या पाळण्यात बसलो, जिराफाच्या मानेवरून घसरलो, माझा दुपट्टा त्याच्या कानात अडकला तो सोडवायला दोन माणसे लागली. कारखान्यात दिवसभर शर्ट बेतून माझी मान आखडते ना, ती त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे.

मगरीच्या गाडीपाशी आम्हाला अडवले. मुलाशिवाय बसता येत नाही म्हणे. हा शांतपणे म्हणाला, पाटी दाखवा. पाटीवर वजन लिहिले होते, मुलांचे काही लिहिले नव्हते. आमची हुज्जत चालली होती तेवढ्यात मागच्या एका आजींना आमची दया आली. त्यांच्याबरोबर दोन नाती होत्या. त्या म्हणाल्या, यातली एक घ्या तुमच्याबरोबर, मग कोणी अडवायचे नाही. चांगल्या मनाची बाई होती, ताई. पोरगीही गोड होती, नाकाला आइस्क्रीम लागलेले. मागच्या महिन्यात हे झाले असते तर मी तिथेच मटकन बसून रडले असते. त्या दिवशी मी म्हणाले, नको, आम्ही दोघेच आहोत. जरा मोठ्यानेच म्हणाले. रांगेतली माणसे वळून बघायला लागली. बघेनात का! मग आम्ही मगरीत बसलो ते तुझ्या शेजारणीने पाहिलेच आहे.

तिने जे पाहिले नाही ते सांगते. पाणघोड्याच्या होडीत बसल्याबसल्या हा झोपला. रात्रभर पाव भाजणाऱ्या माणसाची दुपार म्हणजे मध्यरात्रच. होडी फेरी मारून धक्क्याला लागली तरी उठेना. होडीवाल्याने त्याच्याकडे पाहिले, बाहीवरचे पीठ पाहिले आणि होडी पुन्हा ढकलून दिली. असे किती फेरे झाले मी मोजले नाहीत. दवाखान्याच्या खुर्चीत हा कधी डुलकीसुद्धा घेत नाही. माझे इंजेक्शन होईपर्यंत हात मांडीखाली दाबून ताठ बसलेला असतो. एवढ्या वर्षांत त्याला असा तोंड उघडे टाकून झोपलेला मी पाहिला नव्हता. बघता बघता मला रडू आले, आणि रडतानाच मनाशी पक्के झाले, की आता बस्स.

दोनदा मला दिवस गेले आणि दोनदा काही हाती लागले नाही. त्याचे दुःख मी केले, पुढेही करीन. पण आता त्यासाठी अंग पुढे करणार नाही. मी हरलेले नाही की वेडावलेले नाही. हा उठल्यावर त्याला सांगितले. त्याने बराच वेळ माझा हात सोडला नाही आणि मग भूक लागली म्हणाला.

मधलीला जरूर पाठव. मावशीकडे म्हणून पाठव, औषध म्हणून पाठवू नकोस.

शिवणीत सोडतात तशी माया आहेच, तिला कात्री लावू नकोस.
तुझी,
बारकी

ता. क. ताईंना नमस्कार. मी घोरत होतो हे हिने लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. बाकी सगळे खरे आहे. – बेकरीवाला

१९ मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचले. होडीचे वाचून हसू आले, त्याचाही रागच आला.

माणूस दमला की असे बोलतो. मी रोज बघते, गोळ्या अर्ध्यावर सोडणारे सगळे असेच छाती काढून बोलतात. तुझी चाळिशी दारात उभी आहे. उद्या म्हातारपणी हातपाय चालेनासे झाले, की तूच मला म्हणशील, ताई, तेव्हा मला ओढून का नेले नाहीस? म्हणून ओढून न्यायला येणार आहे. मंगळवारी सकाळी टॅक्सी घेऊन दारात येते. आवरून खाली थांबा. नाही आलात तर यापुढे तुझे-माझे बोलणे बंद, हे लिहून देते. मी पोकळ धमक्या देत नाही हे तू लहानपणापासून जाणतेस.

तुझ्या भल्यासाठीच वाईट होणारी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी जरूर ये. टॅक्सी सोडून दे आणि वर ये. हा भट्टीवरून ताजा पाव आणील, मी चहा टाकते. दवाखान्यात मात्र मी येणार नाही. खालीही थांबणार नाही.

म्हातारपणी कोण बघेल ते मला माहीत नाही. तुझ्या दुकानात तीन-तीन मुलांचे बाप काठी टेकत स्वतःच्या गोळ्या न्यायला येतात, हे तूच मला सांगतेस. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हते. कोणी तरी पाणी द्यावे म्हणून मी मूल मागत नव्हते गं. हवे होते म्हणून मागत होते. ते नाही मिळाले. आता जे मिळाले आहे त्याच्याकडे मी पाठ फिरवून बसणार नाही.

बोलणे बंद करायचे तर कर. मी दर रविवारी फोन करीन, तू उचलू नकोस. मला फार त्रास होईल. आईखालोखाल मला तूच आहेस, हे तुला ठाऊक आहे, आणि तरी मी हे लिहिते आहे. एकच मागते. आईला उपचार चालू आहेत असे सांगणे थांबव. तिला खरे सांग, आणि आवाज खाली न करता सांग.

बंद झालेले बोलणे जिला आत्ताच टोचते आहे ती,
बारकी

२६ मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

काल तू दिवसभर वाट पाहिली असशील. मी टॅक्सी घेऊन निघाले होते. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आले, गाडी थांबवायला लावली आणि मला वर यायचा धीर झाला नाही. तुला ओढायला आले होते, आणि तू दार उघडून चहाला बोलावले असतेस, तर मी काय केले असते?

मला अजून पटलेले नाही, हे स्पष्ट लिहिते. तुझ्या मांडीवर मूल पाहायची माझी फार इच्छा होती. मी अधूनमधून रडेन, ते तू चालवून घे.

आईला सांगितले. आवाज खाली केला नाही. तिने एवढेच विचारले, की दोघे नीट जेवतात ना?

टॅक्सी मी दवाखान्याकडे वळवली होती. म्हटले, वेळ दिली आहे तर निदान तोंडाने सांगावे. तिथल्या माणसाने वहीतून डोके वर न काढता विचारले, की पेशंट कुठे आहे? बाकड्यांवर सगळ्या बायका माना खाली घालून बसल्या होत्या. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की पेशंट कोणी नाही. माझी बहीण आहे आणि ती मजेत आहे.

रविवारी फोन कर, मी उचलीन.
ताई