घरपोच पुस्तकं

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची एल्डर मिल्सला! सामान असं कितीसं होतं? दोन पेट्या, आर्मांची आरामखुर्ची आणि आईचं शिवणयंत्र. वाचनालयामागच्या इमारतीत वरच्या दोन खोल्या मिळाल्या आहेत. खाली पूर्वी बुटांचं दुकान होतं. जिन्यात अजून चामड्याचा वास येतो आणि मला तो हवाहवासा वाटतो. बाबा जन्मभर बुटांच्या कारखान्यात होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कोटाला हाच वास असायचा. खिडकीतून नदी दिसते. काठावर बर्फाची पातळ साय धरू लागली आहे.

माझ्या नवऱ्याला, आर्मांला, जाऊन दीड वर्ष झालं. लुइस्टनच्या घरात मला माझीच पावलं ऐकू यायची, ती सहन होईनात. म्हणून चौसष्टाव्या वर्षी ही नोकरी. मठाच्या शाळेतल्या सिस्टर सेंट गिल्बर्ट असत्या तर म्हणाल्या असत्या, रोलांद, पाठ सरळ आणि रुमाल जवळ.

वाचनालय विनी हॅस्केल चालवते. बुटकी आहे आणि हसली की कपाटाच्या काचा वाजतात. काम सोपं आहे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना पुस्तकं घरपोच न्यायची, त्यांना ती कशी वाटली ते ऐकायचं आणि वाचकमंडळात सांगायचं. या हिवाळ्यात मंडळाने एक जुनी गाजलेली भयकादंबरी घेतली आहे. अशाच एका आडगावात एक रक्तपिशाच्च येतं आणि एकेक घर गिळत जातं. विनी म्हणाली, गेल्या वर्षी बागकामावरचं पुस्तक घेतलं होतं, तर तिघं जण खुर्चीतच घोरायला लागले. यंदा कोणी झोपलं तर बघतेच. आम्हाला मठाच्या शाळेत असलं काही वाचू देत नसत. आज रात्री कॉफी करून सुरुवात करणार आहे. फार मजा वाटते आहे.

६ नोव्हेंबर

आज पहिली फेरी झाली. गाडी सुरू करताना सवयीने बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणाले, चल, बस, निघू या. आर्मां गेल्यापासून मी असं म्हणते. कोणी ऐकलं तर वेड्यात काढेल, म्हणून काचा वर करून म्हणते.

गाडी टिंग-टिंग करू लागली. बाजूच्या सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही, असं तिचं म्हणणं. पुस्तकांची पिशवी होती, ती मागे टाकली. तरी टिंग-टिंग चालूच. शेवटी रिकाम्या सीटला पट्टा लावला, तेव्हा बया गप्प झाली.

पहिलं घर आल्डन क्रॉकेट यांचं. ते ऐंशीला टेकले आहेत. लाकडाचे ट्रक चालवायचे, मधुमेहाने एक पाय गेला. चाकाच्या खुर्चीतूनच ओरडले, दार लावा ते, सगळ्या गावाला ऊब द्यायला मी तेल जाळत नाही! मग माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, हे कोण बरोबर? अहो, या की आत, पुतळ्यासारखे काय उभे?

मी वळून पाहिलं. पायरीवर कोणी नव्हतं. त्यांचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड आहे. वडीलधाऱ्यांचं बोलणं खोडायचं नाही, हे सिस्टरांनी आमच्या हाडांत भरलेलं. मी हसले आणि दार लावलं. खरं लिहायचं तर मला ते खोडावंसं वाटलंच नाही. माझ्याबरोबर कोणीतरी आहे, असं दीड वर्षात पहिल्यांदा कोणी म्हणालं होतं.

१० नोव्हेंबर

आज उरलेली दोन घरं केली. व्हर्ना स्टिम्सन निवृत्त शिक्षिका. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या घरातच असतात. त्यांनीही माझ्या मागे बघितलं आणि म्हणाल्या, लाजतोय का तो? त्याला म्हणावं ही शाळा नाही, ये आत, बिस्किटं आहेत. आणि टेबलावर तीन कप मांडले. काकवीची बिस्किटं इतकी छान होती की मी तिसऱ्या कपाबद्दल काही बोलले नाही. त्यांनी तो भरला. निघताना तो तसाच भरलेला, गार झालेला होता.

ओडील थेरियो नव्वदीची आहे आणि जवळजवळ आंधळी. उत्तरेकडच्या खोऱ्यातली, आमच्याच फ्रेंच भाषेतली, आमच्याच कॅथलिक पंथाची. ती मला पोरी म्हणते. मला पोरी म्हणणारं आता जगात दुसरं कोण आहे? तिने माझ्यासाठी कुट्टूच्या पिठाची धिरडी करवून ठेवली होती, आई करायची तशीच एका बाजूने भाजलेली, जाळीदार. मी कादंबरी वाचत वाचत तिला आपल्या भाषेत सांगत गेले. पिशाच्च कोणी बोलावल्याशिवाय आत येत नाही, हे ऐकून ती म्हणाली, एवढं सभ्य? माझा नवरासुद्धा कधी विचारून आला नाही! एकदा देणगी मागायला आलेल्या गलेलठ्ठ माणसाला तिने झाडूने अंगणाबाहेर घालवलं होतं, तेही सांगितलं. तिच्या पुतण्याची बायको डार्लीन रुग्णालयात परिचारिका आहे, ती रोज येऊन जाते. फटकळ आहे. निघताना मला म्हणाली, असलं वाचून झोप लागते का हो तुम्हाला?

ओडीलने मात्र माझ्याबरोबर कोण आहे, असं विचारलं नाही. तिला दिसत नाही ना. मला थोडं वाईट वाटलं.

१९ नोव्हेंबर

आज वाचकमंडळ होतं. मी घरच्या वाचकांची मतं सांगितली. आल्डन म्हणतात, पहिली दोनशे पानं लोक नुसते टपाल आणायला जातात आणि एकमेकांच्या बायकांबद्दल बोलतात, पण गाव अगदी आपलंच आहे. व्हर्नांना ते मुळीच पटलं नाही. म्हणाल्या, अख्खी गल्ली पांढरी पडते आणि कोणी तोंड उघडत नाही? या गावात एका पोराच्या डोक्यात ऊ सापडली की जेवणाच्या आत सगळ्या घरांना कळतं.

सगळे हसले. टपाल कचेरीतले फ्लॉइड म्हणाले, मी तर चर्चची घंटा बडवली असती. मीही म्हणाले की मी प्रवचनाच्या जागी उभी राहून नावानिशी सांगितलं असतं. टाळ्या पडल्या. मी लाल झाले, पण छान वाटलं.

आल्डन मात्र परवा बरे दिसले नाहीत. बोलता बोलता डोळे मिटत होते. म्हणाले, तुमचा माणूस संध्याकाळचा येऊन बसतो हो. बोलत नाही फार. पण माझ्या पोरापेक्षा जास्त वेळा येतो.

तो कसा दिसतो, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

२४ नोव्हेंबर

आल्डन गेले. विनी म्हणाली, साखर होती, वय होतं, सुटले.

गाडी मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, बाई, सीटखालचा वजनकाटा बिघडला असेल, पट्टा लावून टाकत जा, झालं. मी लावतेच. लावताना हात जरा जपून फिरवते. आर्मांच्या पोटाला पट्टा काचायचा.

हे मी कोणाला सांगणार आहे?

१ डिसेंबर

व्हर्नांच्या ओठांना रंग उरलेला नाही. बिस्किटांचा डबा रिकामा. तीन कप मात्र मांडलेले.

आज धीर करून विचारलं. माझ्याबरोबर येतो तो बुटका आहे का, टक्कल पडलेला, खांद्यावरून पट्टे येणारी पँट घालणारा? त्या म्हणाल्या, छे गं, उंच आहे. काळा कोट. दात फार चांगले आहेत. तुला माहीत नाही का, तूच तर आणलंस त्याला.

घरी कशी आले, कळलं नाही. गाडीत बसले तेव्हा तोंडातून निघून गेलं होतं — चल, बस.

सवयीने.

मी इतके दिवस खूष होते. ह्याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

२ डिसेंबर

विनीला सांगायला वाचनालयात गेले. वाक्य पाठ केलं होतं. ती शिडीवर होती. म्हणाली, बोल गं. मी म्हणाले — गुरुवारी सगळ्यांसाठी खिमा भरलेली पेस्ट्री करून आणते.

ती म्हणाली, देवमाणूस आहेस.

काय सांगणार? नवी आलेली विधवा, पिशाच्चाची कादंबरी वाचते, रिकाम्या सीटशी बोलते. त्यापुढे कोण ऐकेल?

५ डिसेंबर

चर्चमध्ये पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे धर्मगुरूंना सर्दी झालेली. मी सांगितलं की मी शेजाऱ्यांवर चिडते. मी शेजाऱ्यांवर चिडत नाही. त्यांनी मला प्रायश्चित्त म्हणून तीन प्रार्थना दिल्या.

त्या म्हटल्या. खोट्या पापाच्या.

८ डिसेंबर

व्हर्ना गेल्या.

अंत्यविधीला सगळे म्हणाले, हाड मोडलं की म्हातारी माणसं अशीच जातात. मी मान हलवली. मीच सगळ्यात आधी हलवली.

९ डिसेंबर

ओडीलने त्याला बोलावलेलं नाही. तिला दिसत नाही म्हणून ती वाचली आहे. हे धरून ठेवायचं. मी तिच्याकडे गेलेच नाही तर तोही जाणार नाही.

जायचं नाही.

१२ डिसेंबर

ओडीलचा फोन. पोरी, रागावलीस का माझ्यावर? गोष्ट अर्धी टाकून कुठे गेलीस? त्या गावाचं काय झालं ते तरी सांग.

मी म्हणाले गाडी बिघडली आहे. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना नेहमी गाड्या बिघडल्याचंच ऐकू येतं.

मी फोन ठेवल्यावर रडले. फोनवर सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. पण मागे डार्लीनचा आवाज येत होता, भांडी लावत होती —

१४ डिसेंबर

चालत गेले. गाडी वाचनालयापुढे ठेवली, पट्टा लावलेला तसाच ठेवला, कुलूप लावलं. सीटकडे बघून एक अक्षर बोलले नाही. बर्फातून चालत गेले. ठरवलं होतं, ओडीलला सगळं सांगायचं. तिला कळलं तर ती त्याला झाडूने घालवेल. तिला भीड कोणाची?

ओसरीवर बुटांचा बर्फ झटकला. आतून ओडील म्हणाली, दोघांचे पाय वाजले. कोण आहे गं बरोबर?

मी दार उघडलं होतं. डार्लीन ओट्याशी पाठमोरी होती, तिने वळून माझ्याकडे बघितलं. परिचारिका रुग्णाकडे बघतात तसं. मी तोंड उघडलं.

ओडील म्हणाली, थंडीत काय उभं ठेवतेस त्याला? या रे, दोघंही आत या.

एक शब्द पुरला असता. नको. एवढाच.

मी म्हणाले, दार लावते हं, गार वारा येतोय.

आणि लावायला जरा वेळ लावला. मागून येणाऱ्याच्या तोंडावर दार लावायचं नसतं, म्हणून.

१५ डिसेंबर

ओडील म्हणते तो फार छान वाचतो. आपल्या भाषेत. माझ्यासारखं अडखळत नाही.

तिच्या गळ्याला रुमाल आहे. डार्लीन म्हणाली, खाज येते तिला, कोरडी हवा आहे.

मी म्हणाले, हो, हवा कोरडी आहे.

१६ डिसेंबर

ओडीलचे हात गार. नखं निळी. पोरी म्हणाली नाही. माझं नाव विचारलं.

१७ डिसेंबर

दुपारी तीन. ओडीलच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. बाहेर आत्ताच अंधारून आलं. आत तिच्या खोलीत कोणीतरी वाचतंय. हळू, गोड आवाज. ती मध्येच हसते, पण हसू फार अशक्त —

अजून वेळ आहे. तिला अजून ऐकू येतं. मी आत जाऊन म्हणायचं, ओडील, तो पाहुणा नाही, मीच आणलाय, त्याला जा म्हण. ती म्हणेल. तिने म्हटलं की झालं.

डार्लीन तिथेच चादरी बदलते आहे, तिला ते वाचन ऐकूच येत नाही. आत्ताच मला हाक मारून म्हणाली, काय लिहिताय हो एवढं, पत्र का?

काही नाही म्हणाले.

आवाज थांबला. पान उलटलं. परत सुरू —

ओडील काहीतरी म्हणते आहे. जवळ ये म्हणते आहे. हे मला नाही म्हणत ती —

उठते. आता उठतेच. सांगते मोठ्याने. फक्त डार्लीन चादरी धुवायला खाली तळघरात गेली की लगेच, ती एकदा जिना उतरली की मी —