मधात गोधडी टांगली तरी

रिंकीचे बाबा,

मी रिंकीले घेऊन दरेकशाले आईकडं जाऊन राहिली. भाजी झाकून ठेवली आहे.

पॉडकास्टचं एडिटिंग माझ्यानं होत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज मिसळू नये म्हणून आपल्या मधात गोधडी टांगली, खुर्च्या दूर ठेवल्या. तरी मी धानाच्या रोवणीचं सांगाले लागली का तुमी खुर्ची सरकवत आलेच, "तसं नाही, मी सांगतो!" रोवणी करतो मी, अन् सांगता तुमी! आता तुमचा माईक बंद केला तरी माझ्या माईकमधून तुमीच बोलून राहिले. तुमाले कापलं तं मीबी कापल्या जातो.

हेडफोन कपाटावर आहे. नुसता माझा माईक लावून आयका. त्यात मी एकटी बोलली असं एक पूर्ण वाक्य सापडलं, तं आमाले न्यायले या.