स्लॅबची गिट्टी

मंगळवार, संध्याकाळ

मोर्चा बिघडला आणि दगडफेक सुरू झाली. दगड कुठून येऊन राहिले, ते खिडकीतून दिसलं. आमच्या स्लॅबसाठी दारापुढे टाकलेल्या गिट्टीच्या ढिगातून. ओरडायला हवं होतं का? ओरडले नाही. नुसती बघत राहिले.

आता गोंदियात सगळं बंद आहे. समोरचे टेलर महादेवभाऊ घमेलंभर गिट्टी घेऊन दारात आले. कपाळाला पट्टी.

"दुकानातून झाडून काढली, वहिनी. तुमचीच आहे."

"राहू द्या ना, भाऊ."

"मी ठेवून का करू? तुमचा स्लॅब आहे ना शनिवारी?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. घमेलं घेतलं, ढिगावर ओतलं. रडूही आलं नाही.

शनिवारी स्लॅब टाकतील. मग याच गिट्टीखाली झोपायचं.