कपबश्यांमागची ट्यूब

प्रिय आई,
तुला आणि बाबांना कर्वेनगरहून जयभीम.

मी मजेत आहे. आंघोळीला गरम पाणी मिळतं, स्वेटर घालते, तेव्हा फोनवर पुन्हा तेच विचारू नकोस. सकाळी कोवळं ऊन खायला गच्चीवर जाते. मार्केट यार्डातून आपल्याकडची संत्री आणली होती. सालं गच्चीवर वाळत घातली, तर माझ्यासोबत राहणारी अपेक्षा हसली. आता तीच त्या सालांची पूड साईत कालवून तोंडाला लावते आणि वर मलाच तिचे फायदे सांगते.

ऑफिसातल्या एसीनं माझेही हात फुटले होते. तेव्हा कळलं, क्रीम हात ओलसर असतानाच चोळायचं, कोरडे झाल्यावर नाही. शाळेतली खिचडीची पातेली घासून झाली, की पदराला हात पुसत बसू नकोस, आधी क्रीम लाव.

रेशनच्या मशीनवर तुझा अंगठा लागत नाही, हे धाकट्या सोनूकडून कळलं. तू का नाही सांगितलंस? भेगांतून रक्त येतं का? बाबा पाणी तरी तापवून देतात का?

मागच्या हिवाळ्यात पाठवलेली ट्यूब दिवाळीला आले तेव्हा कपाटात तशीच होती, पाहुण्यांच्या कपबश्यांमागे. म्हणून या वेळी सील फोडून, थोडं माझ्या हाताला लावूनच पाठवतेय. उघडलेली वस्तू तू वाया जाऊ देत नाहीस.

तुझीच,
आम्रपाली