बीमवरची तारीख

गुरुवार, संध्याकाळ. बोईसर

अजून संताप उतरलेला नाही.

विद्यापीठाच्या मेडिकल रिसर्च बिल्डिंगचा दुसरा स्लॅब भरून आज चौदा दिवस झाले. बीम लांब आहेत, एकवीस दिवस खालचे टेकू काढायचे नाहीत. म्हणून साइट इंजिनियर या नात्याने मीच बीमवर खडूने तारीख लिहिली होती. आज बघते तर ती पुसून तिथे आठवडाभर आधीची तारीख, म्हणजे एकवीस दिवस आजच पुरे! परवा पाहुणे येणार, खालचा हॉल मोकळा दिसायला हवा. एवढ्यासाठी?

कॉन्ट्रॅक्टर हसत म्हणाला, "मॅडम, तुम्हीच चुकला असाल." मलाही वाटून गेलं, खरंच चुकले का मी?

स्लॅबवर पाणी मारणाऱ्या चिंचणीच्या हिराबाई पाइप टाकून पुढे आल्या. "मॅडम नाय चुकल्या. सलाब भरला त्या दिसी माजी एकादशी होती. तुमी सगल्यांना वडापाव वाटलात न् मला केळी दिलीत. इसरलात? उद्या दुसरी एकादशी हाय, म्हंजे उद्या पंधराच दिस व्हतील."

कॉन्ट्रॅक्टरचं हसू गेलं.

खडू पुसता येतो. मी गेटचा लाल ऑइलपेंट आणला, बीमवर हातभर मोठी खरी तारीख लिहिली, खाली माझं नाव. हिराबाई म्हणाल्या, "माजं पन लिवा." लिहिलं.

आता टेकू काढायचे तर आधी आम्हा दोघींची नावं खरवडा. नोकरी जाईल? जाऊ दे. सात दिवस मी त्या बीमखालीच खुर्ची टाकून बसणार.

बोटांचा लाल रंग रॉकेलनेही निघाला नाही. उद्या एकादशी. येताना हिराबाईंसाठी केळी घेऊन आले आहे.