नळाला बांधलेलं फडकं

बाबा,

गेले चार दिवस माझ्या नळाला गढूळ पाणी येतंय, तेही करंगळीएवढ्या धारेने. काल प्लंबर आला. त्याने विचारलं, आजी, घाण पहिल्या पाण्यालाच येते की शेवटपर्यंत? लालबागच्या चाळीत तुम्ही प्रत्येकाला हेच विचारायचात. त्याने नळाची जाळी काढून झटकली, पाणी उकळून प्या म्हणाला आणि गेला. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि लिहायला मला हे निमित्त लागलं.

तुम्ही गिरणीत पाईप फिटर. चाळीत कुणाचाही नळ रुसला की तुम्हाला हाक यायची. आपल्या मोरीतल्या नळाच्या तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं असायचं, तसं सगळ्यांकडेच असायचं. बाकीच्या बायका ते रोज धुवायच्या. आपल्याकडे मात्र तुमचा दंडक होता, तुम्हाला दाखवल्याशिवाय फडकं धुवायचं नाही. तुम्ही ते खिडकीत उजेडाला धरायचात, बोटाने चोळायचात, वास घ्यायचात. तांबूस कण म्हणजे गंज; आपलाच पाईप, बदलला की झालं. काळा चिकट गाळ म्हणजे खालचा पाईप गटारात फुटलाय. पाणी गेलं की रिकामा पाईप बाहेरची घाण आत ओढतो, तुम्ही मला समजावायचात, आणि मग थेंबही उकळल्याशिवाय प्यायचा नाही.

त्या वर्षी तुम्ही संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेलात आणि तिथल्या संचारबंदीमुळे दोन दिवस गिरगावातच अडकलात. इकडे धार बारीक होत गेली. दुसऱ्या दिवशी आई गिरणीतल्या तिच्या पाळीला गेल्यावर मी नळाकडे बघितलं, तर फडकं काळं, आणि वास असा की मी नाक दाबलं. बारा वर्षांची मी, टापटिपीचा भारी तोरा. तुमचा दंडक माहीत असूनही साबण लावून धुतलं, वाळवलं, पुन्हा बांधलं. तुम्ही आलात ते खांद्यावर लाठीचा वळ घेऊन. पांढरंशुभ्र फडकं बघितलंत आणि माझ्याकडे वळलात.

"फडक्यार काय होतां गो?"

मला तुमच्या हाताची भीती वाटली. मी म्हणाले, "गंज."

दुखऱ्या खांद्याने तुम्ही दिवसभर खपून मोरीतला पाईप कापलात. आत गंज होताच, कुठल्या जुन्या पाईपात नसतो? नवा तुकडा बसवलात, धार मोठी झाली, पाणी स्वच्छ दिसलं. पहिला पेला तुम्ही स्वतःच्या हाताने आईला दिलात. पी आता निर्धास्त, म्हणालात. मी शेजारीच उभी होते. मी तिला थांबवलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती टायफॉईडने अंथरुणाला खिळली आणि परत उठली नाही. तिचे दिवस झाल्यावर चाळीमागचं गटार खणलं, तेव्हा फुटका पाईप सापडला. तुम्ही काठावरून तो बघितलात. वर आलात आणि पाने, करवत, सगळी हत्यारं पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकलीत. लोक नळासाठी बोलवायला यायचे, तुम्ही प्रत्येकाला एकच सांगायचात, "माझो हात चुकलो." मरेपर्यंत हेच सांगत राहिलात. प्रत्येक वेळी मी तिथेच, भाजी निवडत नाहीतर भांडी पुसत. एकदाही तोंड उघडलं नाही. सुरुवातीला मार पडेल म्हणून, नंतर तुम्ही मला टाकाल म्हणून, आणि शेवटी तुम्ही इतके थकला होतात की सांगून उपयोग तरी काय असं स्वतःला समजावून. तुमचा हात चुकला नव्हता, बाबा. हे ऐकायला तुम्ही उरला नाहीत, आणि माझ्याजवळ आता दुसरं कुणी नाही ज्याला सांगावं.

हा कागद कुठे टाकणार मी? गहू चाळायच्या चाळणीखाली ठेवीन, रद्दीवाल्याच्या हाती लागेल कधीतरी.

प्लंबर गेल्यावर मी नळाला फडकं बांधलं. आज ते काळं झालंय. धुतलेलं नाही. खिडकीत उजेडाला ठेवलंय.